नव्वद दिवसांचं माहेर

पितृपक्ष लागून दोन-तीन दिवस झाले होते. रमाबाई परब नातीच्या टाळूला तेल जिरवत बसल्या होत्या, तेव्हा धनेशचा फोन आला. जावयाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आज तो सकाळी आला, म्हणजे तिकडे नेदरलँड्समध्ये अजून उजाडलंही नसणार. लेकीने, श्रेयाने, तो स्पीकरवर टाकला.

"श्रेया, तुझ्या व्हिसाची प्रिंट काढ आणि खालची ओळ वाच," धनेश म्हणाला.

"पाच वर्षांचा आहे रे. हजारदा बघितलाय."

"त्याच्या खालची."

श्रेयाने कपाटातून कागद काढला, वाचला आणि पलंगावर बसली. व्हिसा पाच वर्षांचा होता यात काही खोटं नव्हतं. पण त्या पाच वर्षांत कितीही वेळा आलं, तरी एका वेळेला नव्वद दिवसांच्या वर राहायचं नाही, असं खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

आता गंमत बघा. ही मुलगी मुंबईतल्या ह्याच भोईवाड्यात जन्मली, इथल्याच म्युनिसिपाल्टीच्या शाळेत शिकली, कोर्टासमोरच्या गल्लीत लंगडी खेळली. पण दोन वर्षांपूर्वी नवरा-बायकोने तिकडचं नागरिकत्व घेतलं, इकडचा पासपोर्ट परत केला, आणि तेव्हापासून श्रेयाला माहेरी यायचं तर परदेशी बाईसारखा व्हिसा काढावा लागायचा. परदेशी झालेल्या आपल्या लोकांना आयुष्यभर ये-जा करता येते ते कार्ड काढायचं पुढच्या वर्षावर जात राहिलं. तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण ब्रिटिश पासपोर्टवर पुण्यात सलग सहा महिने राहून गेली होती. श्रेया धरून चालली की आपलंही तसंच. प्रत्येक देशाला वेगळं माप असतं हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. सातव्या महिन्यात, आषाढात, ती भरल्या पोटाने इथे उतरली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, हा हट्ट अर्थातच रमाबाईंचा.

"मग कधी संपतात नव्वद?" रमाबाईंनी विचारलं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

रमाबाईंचा जीव भांड्यात पडला. "मग झालं तर. दसऱ्याला बारसं करू, दुसऱ्या दिवशी जा. जीव तुटेल माझा, पण जा."

"आई, मी जाईन गं. पण ही कशी जाणार? हिला पासपोर्ट कुठाय?"

बाळ इथे जन्मलं तरी आईबाप दोघेही परदेशी, म्हणून बाळही परदेशीच. त्याला तिकडचा पासपोर्ट किंवा निदान प्रवासापुरता तातडीचा कागद वकिलातीतून काढायचा. मग त्या कागदावर इथून बाहेर जायची परवानगी घ्यायची. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी हवा जन्माचा दाखला, नावासकट. दाखला महिनाअखेरीच्या आत नीट झाला तरच पुढची गाडी हलणार होती.

दाखल्यात नावाची जागा कोरी होती. मुंबईत हे काही नवल नाही. प्रसूतिगृहातून नोंद जाते ती 'मुलगी' एवढीच, कारण आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात सांगते, त्याच्या आधी ते कुणी ओठावर आणत नाही. ही पोर गौरीजेवणाच्या दिवशी झाली. बारावा दिवस पितृपक्षात येत होता. पितरांच्या पंधरवड्यात पाळण्यात नाव ठेवायचं नाही, सरळ दसरा गाठायचा, असं रमाबाईंनी ठरवून टाकलं होतं. आत्या बकुळा, म्हणजे धनेशची मोठी बहीण, गणपतीला कणकवलीला गेली होती ती वडिलांचं श्राद्ध करूनच परतणार होती. तिलाही दसरा पसंत पडला. सगळं कसं जुळून आलं होतं.

"सोपं आहे," धनेश फोनवर म्हणाला. "वॉर्ड ऑफिसात नाव देऊन टाका. बारसं काय, आई, दसऱ्याला करा थाटात."

"नाही," रमाबाई म्हणाल्या.

"अहो पण आई, नुसतं कागदावर..."

"कागदावर तर नाहीच नाही." त्यांनी बाळाला उचललं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. बाळंतिणीच्या खोलीतलं बोलणं तिथपर्यंत ऐकू येतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मिक्सर लावला.

रमाबाई अडाणी नव्हत्या. परळच्या इस्पितळांत लांबून आलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांना त्यांनी वर्षानुवर्षं डबे पुरवले, डॉक्टरांशी वाद घातले, पुनर्विकासाच्या वेळी बिल्डरच्या माणसाला दारात उभं करून करारनामा वाचून घेतला. बाई सोमवार-शनिवारच्या उपासाच्याही फार फंदात पडायची नाही. पण ह्या एका गोष्टीपुढे तिचं सगळं शहाणपण गुडघे टेकायचं, आणि त्याला कारण होतं.

श्रेयाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. भादव्यातच झाला आणि अगदी किडकिडीत झाला. छोट्या दवाखान्यातून त्याला मोठ्या इस्पितळात हलवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या बाईंनी कागद पुढे करून नावाचा तगादा लावला. कुशाबा, रमाबाईंचे यजमान, तेव्हा गिरणीत तरणेबांड जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. घाबरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्यांनी आपल्या आजोबांचं नाव सांगितलं, लवू. पितृपक्ष चालू होता. पोर महिनाही न भरता गेलं. तेव्हा सासूबाई एकच वाक्य बोलल्या होत्या: पितरांच्या पंधरवड्यात पितराचंच नाव लिहून दिलंत, मग त्यांनी आपला माणूस नेला. त्यानंतर त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. आधी एक होऊन गेलं होतं, एवढंच श्रेयाला माहीत होतं. कुशाबांना तर गेल्या चाळीस वर्षांत रमाबाईंनी कसलंच नाव ठेवू दिलं नव्हतं, अगदी दारात आलेल्या मांजरालासुद्धा.

म्हणजे बघा, एकीकडे पोरीची मुदत आणि दुसरीकडे नातीचा जीव, असं रमाबाईंच्या मनात सरळ सरळ होतं. आणि हे त्या कुणाला बोलून दाखवणार नव्हत्या, कारण बोलण्यानेच ते खरं झालं असतं.

श्रेयाने मुदत वाढवून मागितली. ऑनलाइन अर्ज केला, ईमेल केले. उत्तर आलं ते सभ्य होतं. ह्या प्रकारचा व्हिसा सहसा वाढवून मिळत नाही. आजारपणासारखं कारण असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह विचार होईल. आता आजारपण कुठून आणायचं? रमाबाईंच्या डिंकाच्या लाडवांनी आणि शेकशेगडीने मायलेकी दोघी ठणठणीत होत्या. मुदत उलटून राहिलं तर दंड भरावा लागेल आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी ते आडवं येऊ शकेल, हेही धनेशने शोधून काढलं. "म्हणजे पुढच्या वेळी बाबांना बरं नसलं आणि मला यायचं असलं, तर?" श्रेया म्हणाली. कुशाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

मग धनेशने तिसरी वाट काढली. आई-मुलगी एकत्र निघणं जमत नसेल, तर एकट्या श्रेयाने मुदत संपायच्या आत कोलंबोला जायचं, दोन रात्री राहायचं आणि परत यायचं. व्हिसा पाच वर्षांचा आहेच, परत आत शिरलं की नवे दिवस सुरू. बरेच लोक तसं करतात. तेवढ्यात दसरा, बारसं, दाखला, सगळं होईल.

रमाबाईंचा चेहरा उजळला. "अगं मग हेच कर की. दोन दिवसांचा तर प्रश्न. बाळ मी सांभाळीन. तुला नाही का सांभाळलं?"

"आणि मला परत आत नाही घेतलं तर?"

"का नाही घेणार? तुझं घर आहे इथे."

"आई, मी त्यांच्या लेखी टूरिस्ट आहे. घ्यायचं की नाही ते विमानतळावरचा माणूस ठरवणार. बहुतेक घेतील. पण बहुतेक म्हणजे बहुतेक."

"काहीतरीच बोलू नकोस."

श्रेयाने पुढे वाद घातला नाही. तिने कोलंबोचं तिकीट काढलं. त्या दिवसापासून ती आईशी गरजेपुरतंच बोलू लागली. तेलवाली बाई आली की डोळे मिटून पडायची, शेक घ्यायची, खीर ठेवली की खायची, आणि उरलेला वेळ बाळाकडे बघत बसायची. रमाबाईंना कळत होतं. पण हट्टी माणसाला एक सोय असते, समोरचा गप्प बसला की त्याला आपलं पटलं असं धरून चालता येतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी श्रेया स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात दुधाची बाटली होती.

"माझं काढलेलं दूध आहे. तू पाज तिला. मी असले की ती बाटली घेत नाही, तिला माझा वास येतो. मी बाहेर थांबते."

"आत्ता कशाला?"

"दोन दिवस ती काय पिणार आहे, आई? सवय नको लावायला?"

ती दार ओढून घेऊन गेली. रमाबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं आणि बाटली ओठांना लावली. बाळाने तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूने लावली, बाळाने जिभेने ढकलली. मग ते चिमुकलं डोकं रमाबाईंच्या छातीशी शोधायला लागलं, इकडे-तिकडे, नाक घासत, आणि तिथे काही नाही हे कळल्यावर पोरीने जो टाहो फोडला तो शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेला. रमाबाईंनी थोपटलं, उभं धरलं, वाटी-चमच्याने पाजून बघितलं. दूध हनुवटीवरून गळ्यात गेलं. पोर लालबुंद झाली, मध्येच श्वास कोंडायची आणि परत सुरू व्हायची. कुशाबा दारात येऊन उभे राहिले.

"आवशीक बोलव तिच्या," ते म्हणाले.

"सवय होतली."

"रमा, बोलव."

त्या बाळाला तसंच खांद्यावर टाकून बाहेर आल्या. श्रेया लिफ्टशेजारच्या जिन्यात बसली होती. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबलेले. रडण्याचा आवाज ऐकून तिला पान्हा फुटला होता आणि गाऊन पुढून पोटापर्यंत ओला झाला होता. ती उठली नाही, हात पुढे केले नाहीत. पायरीवरच बसून म्हणाली, "प्यायली का?"

रमाबाईंना तो ओला गाऊन बघवेना. लवू गेला त्यानंतर आठ-दहा दिवस त्यांचं पोलकं असंच भिजायचं. शेजारच्या खोलीत कुणाचं पोर रडलं तरी भिजायचं. सासूबाईंनी छातीला मोगऱ्याची फुलं बांधली होती, दूध आटावं म्हणून. प्यायला कुणी नाही आणि दूध काही ऐकत नाही, ह्यासारखं दुःख त्यांनी पुढे कधी भोगलं नाही. आणि आज आपणच, जितंजागतं लेकरू खांद्यावर असताना, आपल्या पोरीला तिथे नेऊन बसवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या पोरीशेजारी पायरीवर बसल्या.

"घे तिला," त्या म्हणाल्या. "आधी घे."

श्रेयाने आडोसाबिडोसा काही न बघता बाळाला जवळ घेतलं. रडणं थांबलं. जिन्यात नुसता बाळाच्या घोटांचा आवाज राहिला. खालच्या मजल्यावरचा दीपक पिशव्या घेऊन वर येत होता, तो बिचारा दोन पायऱ्या चढला आणि परत फिरून लिफ्टची वाट बघत राहिला.

"श्रेया, तुझ्या आधी मला जो झाला ना," रमाबाई म्हणाल्या, "त्याचं नाव लवू होतं."

त्यांनी सगळं सांगितलं.  श्रेया ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "आई, तो कमी वजनाचा होता गं. तेव्हा काही सोयी नव्हत्या."

"मला कळतं ते. डोक्याला कळतं." रमाबाईंनी नाक पुसलं. "बकुळाला फोन लाव."

बकुळा फोनवर आली ती तयारीतच. "रमावयनी, पक्षात बारसा? गावात लोक काय म्हणतील?"

"लोकांचं दूध नाही गळत, बकुळाबाई. नाव तुम्हीच ठेवायचं, तुमचाच मान आहे. पण आज ठेवायचं. नाहीतर मी ठेवीन आणि तुमचा मान जाईल."

पलीकडे कोंबड्यांना हुसकावल्याचा आवाज आला. मग बकुळा म्हणाली, "फोन तिच्या कानाकडे धरा."

पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, ओटी नव्हती. दूध पिऊन गुंगलेल्या बाळाच्या कानाशी रमाबाईंनी मोबाइल धरला आणि कणकवलीहून आत्या पुटपुटली ते नाव दारात येऊन उभ्या राहिलेल्या कुशाबांसकट तिघांनीही ऐकलं. केतकी. रमाबाईंनी मात्र ते तोंडाने घेतलं नाही. बाळाची दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या शेगडीवर टाकल्या आणि रात्रभर उशाशी जाग्या राहून श्वास चालू आहे ना ते बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वा महिना न झालेली बाळंतीण डोक्याला रुमाल बांधून टॅक्सीत बसली, सोबत बाळ आणि दोन म्हातारे. वॉर्ड ऑफिसात खिडकीवरच्या बाईने अर्ज बघितला, धनेशची ईमेलने आलेली सही तपासली आणि कॉम्प्युटरकडे वळून विचारलं, "नाव सांगा, मी टाइप करते. स्पेलिंग नंतर बघू."

श्रेया बाळाचं दुपटं सावरत होती. खिडकीशी कुशाबा उभे होते. त्यांनी खिडकीचा कट्टा घट्ट धरला. बाईने त्यांच्याकडे बघून परत विचारलं, "काका, नाव?" कुशाबांनी मान खाली घातली. रमाबाई पुढे झाल्या. नवऱ्याला परत त्या जागी एकटं उभं करायचं नाही एवढंच त्यांना त्या क्षणी कळत होतं.

"केतकी धनेश सावंत," त्या म्हणाल्या. बाईने टाइप केलं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. दाखला झाला, वकिलातीतून प्रवासाचा तातडीचा कागद निघाला, बाळाचा फोटो सात वेळा काढावा लागला कारण कागदाला डोळे उघडे हवेत आणि बाळाला झोप. उरली बाहेर जायची परवानगी. अर्ज गेला होता. श्रेया दर तासाला मोबाइल उघडून बघायची आणि तिथे तेच लिहिलेलं असायचं, प्रक्रियेत आहे. घट बसले, नवरात्र चढत गेलं. कोलंबोचं तिकीट तिने अजून रद्द केलं नव्हतं. फ्रिजमध्ये दुधाच्या छोट्या बाटल्या साठवायला तिने परत सुरुवात केली, तेव्हा रमाबाईंच्या पाचावर धारण बसली. नाव देऊन झालं होतं, भीती पत्करून झाली होती, आणि तरीही पोरीला एकटंच निघावं लागणार की काय. त्यातच एका रात्री बाळाचं अंग कोमट लागलं. रमाबाई कुणाला काही न बोलता देवासमोर जाऊन बसल्या. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की काही नाही, कपडे जास्त घालता.

परवानगी अष्टमीला दुपारी आली. श्रेयाने मोबाइल आईपुढे धरला आणि हसत राहिली. रमाबाईंनी आधी फ्रिज उघडला आणि त्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतून दिल्या.

विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं. दसरा घरी नाही, बारशाचा थाट नाही, आणि माहेरची खणानारळाची ओटी टॅक्सीत बसताना घाईघाईत भरली. विमानतळाच्या दाराशी श्रेयाने वाकून नमस्कार केला. बाळाला हातात देताना रमाबाईंना वाटलं की आपण हात सोडूच शकणार नाही. पण सोडले. दारावरच्या जवानाने दोन्ही कागद बघितले आणि मायलेकी आत गेल्या.

"चल," कुशाबा म्हणाले.

"शिक्को बसांदेत. मगे जाऊया."

दोघं बाहेरच्या बाकावर बसली. आत त्या कुठल्या रांगेत असतील, कोण काय विचारत असेल, कसलं दिसत नव्हतं. विमानं उठत होती. कुशाबांनी बाटलीतलं पाणी पुढे केलं, रमाबाईंनी घेतलं नाही. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"आई, झालं. शिक्का बसला दोघींचा," श्रेया म्हणाली. मागे बाळ रडत होतं.

"रडते का गं ती?"

"भूक लागलीय. घेतेय आता. ठेवू?"

"ठेव, ठेव. केतकीला पाज आधी."

फोन बंद झाला. रमाबाई तो हातात धरूनच बसल्या. लवू एवढ्या दिवसांचा झाला नव्हता. हे त्यांच्या मनात आलं आणि त्याच्याबरोबर इतक्या वर्षांत न आलेली दुसरीही गोष्ट आली. त्या दवाखान्यात कागदापुढे उभा असलेला तरणा माणूस, आणि त्यानंतर घरातल्या कुणीही, त्यांनी स्वतःसुद्धा, त्याला एका शब्दाने दोषातून न सोडवलेलं.

"आयकलास?" त्या म्हणाल्या. "लवू नाव बरा होता. तुमी चांगला नाव दिलेलास."

 कुशाबांनी चष्मा काढला, तो मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रमाबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.